बॉयलरलाही ऑफ सीझन लागतो : मराठवाड्याच्या आठही खासदारांना खुलं पत्र

प्रति,
छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, लातूर, धाराशिव, नांदेड, परभणी आणि हिंगोली या मतदारसंघांचे माननीय लोकसभा सदस्य

विषय : आयएनएस विक्रमादित्य या विमानवाहू जहाजाची देखभाल-दुरुस्ती

सप्रेम नमस्कार.

विषय वाचून आपल्या पीएनं हे पत्र 'किरकोळ'च्या गठ्ठ्यात टाकायला घेतलं असेल, तर त्याला जरा थांबवा. मराठवाड्यातून आपल्याकडं पत्रं येतात ती पीकविम्याची, रस्त्याची, रेल्वेची, पाण्याची. त्यातली दोन-चार माझीच असतील. हे पत्र जहाजाचं आहे. अंबाजोगाईच्या माणसाचं जहाजाशी काय घेणं-देणं, असं वाटणं साहजिक आहे. मी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो वयाच्या चौतिसाव्या वर्षी, आणि तोही कामाच्या गडबडीत, टॅक्सीच्या काचेतून.

पण माझी बत्तीस वर्षं साखर कारखान्याच्या बॉयलर हाऊसमध्ये गेली. फायरमन म्हणून लागलो, सेकंड क्लास, मग फर्स्ट क्लास अशी बॉयलर अटेंडंटची सर्टिफिकेटं काढली आणि फोरमन होऊन निवृत्त झालो. विक्रमादित्यच्या पोटात आठ बॉयलर आहेत. समुद्राशी नसेल, पण त्या आठ जणांशी माझी सोयरीक आहे.

दुसरं कारण घरातलं. पुतण्या नौदलात आहे, इंजिनाच्या बाजूला. लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीत त्याचं शिक्षण झालं. कोणत्या जहाजावर आहे ते मी इथं लिहीत नाही, आणि तोही जहाजाचं काही बोलत नाही. सुट्टीवर आला की मी विचारतो, "काय रे, स्टीम किती ठेवता?" तो म्हणतो, "काका, शेंगा घ्या." म्हणजे या पत्रातलं काहीही त्याच्याकडून आलेलं नाही. जे आहे ते सरकारनं, नौदलानं, सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगनं सांगितलेलं आणि पेपरात छापून आलेलं. उरलेलं माझ्या हाताला लागलेलं.

आता जहाजाची ओळख. २८४ मीटर लांब; लाल परी एकामागं एक लावल्या तर तेवीस-चोवीस गाड्या बसतील एवढं. वजन ४४,५०० टनांच्या घरात. सोव्हिएत काळात, आजच्या युक्रेनमधल्या मिकोलाइवला बांधलेलं. 'बाकू' या नावानं १९८७ मध्ये त्यांच्या नौदलात गेलं, पुढं त्याचं 'अॅडमिरल गोर्शकोव्ह' झालं. १९९४ मध्ये त्याच्या बॉयलर रूममध्ये स्फोट झाला. २० जानेवारी २००४ ला आपण करार केला : सांगाडा फुकट, नूतनीकरणाचे ९७ कोटी ४० लाख डॉलर. काम २००८ मध्ये पुरं व्हायचं होतं. झालं २०१३ मध्ये, आणि किंमत गेली २३५ कोटी डॉलरवर. आमच्याकडं बाजारात फुकट म्हैस कुणी देऊ केली, तर शहाणा माणूस आधी तिचे दात आणि सड बघतो, मग पेंडीचा हिशेब विचारतो. पण ते झालं. घेतलेल्या म्हशीवर आता वाद घालून उपयोग नाही. तिला चारा-पाणी वेळेवर मिळतंय का, एवढंच बघायचं.

मला त्या सगळ्या कहाणीत अडकवलं ते २०१२ च्या सप्टेंबरमधल्या एका बातमीनं. रशियाच्या उत्तरेकडच्या समुद्रात जहाजाची चाचणी चालली होती. पूर्ण ताकदीनं पळवून बघताना आठपैकी सात बॉयलर कामातून गेले. कारण काय, तर आतलं इन्सुलेशन. आपल्या लोकांनी अॅस्बेस्टॉस नको म्हटलं होतं, आणि बरोबरच म्हटलं होतं. त्या धुळीनं माणसाची छाती जाते. मग त्याऐवजी फायरब्रिक वापरली, आणि त्या विटांनी दगा दिला. डिसेंबर २०१२ मध्ये मिळणारं जहाज पुढं १६ नोव्हेंबर २०१३ ला ताब्यात आलं.

ही बातमी मी कारखान्याच्या गेटसमोरच्या टपरीवर वाचली आणि चहा तसाच राहिला. कारण विटांनी दगा दिलेला मी डोळ्यानं पाहिलेला आहे.

कारखान्याचं नाव सांगत नाही. त्या वर्षी ऑफ सीझनला, म्हणजे गाळप बंद असतानाच्या महिन्यांत, आम्ही भट्टीच्या कमानीचं वीटकाम नवं केलं होतं. नव्या विटा, नवा मसाला लावला की तो आधी वाळू द्यावा लागतो आणि मग मंद जाळावर हळूहळू तापवावा लागतो. लाकडाचा बारीक जाळ, तीन-चार दिवस, रात्रंदिवस माणूस बसवून. घाई केली तर आत अडकलेल्या ओलीची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट नसते, आणि ती वीट फोडून वाट काढते. पण अग्निप्रदीपनाची, म्हणजे हंगामाचा बॉयलर पेटवायच्या समारंभाची, तारीख ठरलेली होती. पत्रिका छापलेल्या, मंडप पडलेला, पाहुणे ठरलेले. आम्हाला मिळाला दीड दिवस. मोठ्या साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, "होतंय हो सगळं. दरवर्षी काय वीट पडायलीय?"

हंगामाच्या तिसऱ्या रात्री कमान खाली आली. आवाज फार मोठा नव्हता, पोतं टाकल्यासारखा. पण भट्टीचा पत्रा बाहेरून लाल दिसायला लागला आणि जाळ ओढावा लागला. यार्डात उसाच्या गाड्या उभ्या, बैल दावणीला, ट्रॅक्टरवाले शिव्या देतायत. भट्टी थंड व्हायला दोन दिवस गेले. मॅनहोलमधून मी पहिला आत गेलो. पाठीला ओलं पोतं, हातात बॅटरी. पडलेली वीट उचलली तर ती हातातच सुटली, खारीच्या बिस्किटासारखी, पापुद्रा-पापुद्रा. तिच्यात दोष नव्हता, आम्ही तिला वेळ दिला नव्हता. रशियात नेमकं काय झालं ते तिथले इंजिनिअर जाणोत, दोन्ही गोष्टी एकच आहेत असं मी म्हणत नाही. पण सात बॉयलर एकदम गेले म्हटल्यावर माझ्या हाताला ती वीट पुन्हा लागली.

बॉयलरची गंमत अशी, की तो रागावला आहे हे तो आधी सांगतो. पातळी दाखवणाऱ्या गेज ग्लासमधलं पाणी हलतं, धुराचा रंग बदलतो, नळीतून बारीक शिट्टी येते. ऐकणारा माणूस शेजारी पाहिजे, आणि त्याचं ऐकणारा माणूस वर ऑफिसात पाहिजे. दुसरा जास्त दुर्मीळ.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या पहिल्या विमानवाहू जहाजाचं, जुन्या विक्रांतचं. ती कहाणी आपल्या शाळांत शिकवतात ती विमानांची, १९७१ च्या युद्धात चितगाव आणि कॉक्स बाजारवर केलेल्या हल्ल्याची. मला त्यातला बॉयलरचा भाग जास्त आवडतो. ब्रिटनकडून घेतलेलं हे जहाज ४ मार्च १९६१ ला नौदलात आलं. १९७० मध्ये त्याच्या बॉयलरच्या पाण्याच्या ड्रमांना आतून भेगा आढळल्या, वेल्डिंगनं न सुधारणाऱ्या. नवे ड्रम इथं मिळत नव्हते, ब्रिटनकडं मागवावे लागले. तोवर बॉयलर पेटवू नका असा हुकूम. जहाज महिनोन् महिने मुंबईत बसून. पुढं १९७१ उजाडलं आणि युद्धाची चिन्हं दिसायला लागली. १९६५ च्या युद्धातही विक्रांत समुद्रात गेली नव्हती. आताही घरीच बसली तर पांढरा हत्ती म्हणून हिणवतील, ही धास्ती नौदलातल्या वरिष्ठांना होती. नौदलप्रमुख होते अॅडमिरल नंदा.

मग काय केलं? दाब कमी केला. वाफेचा दाब ४०० पीएसआयवर ठेवायचा, म्हणजे आमच्या भाषेत चौरस सेंटिमीटरला साधारण २८ किलो. जहाज ढकलणाऱ्या पंख्याचे फेरे बांधून दिले. वेग उतरला १४ नॉटवर. ताशी २६ किलोमीटर, उसाची जोड ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर एवढाच पळतो. गळती कळावी म्हणून बघायच्या खिडक्या पाडल्या, जादा सेफ्टी व्हॉल्व्ह बसवले. अशा जहाजावरून ४ डिसेंबरला सी हॉक विमानं उडाली. छोट्या धावपट्टीवरून विमान उडवायचं तर जहाजाला स्वतः पळून समोरून वारा घ्यावा लागतो, आणि विमान फेकणाऱ्या कॅटापल्टलाही त्याच बॉयलरची वाफ लागते. म्हणजे एका चुलीवर दोन तवे, आणि चूल अर्धीच पेटवायची परवानगी. त्या बॉयलर रूममध्ये ज्यांनी ते दोन आठवडे काढले, त्यांच्यापुढं मी हात जोडतो.

पण खासदारसाहेब, याचा उलटा अर्थ काढू नका. "बघा, भेगा पडलेल्या बॉयलरवरसुद्धा आपण युद्ध जिंकलं" असं भाषणात बोललं जाईल, टाळ्या पडतील. ते वर्ष आणीबाणीचं होतं. आणीबाणीत माणूस एका चपलेवर गाव गाठतो, म्हणून दुसरी चप्पल घ्यायचीच नाही असं नसतं.

विक्रमादित्यवर पुढं जे घडलं ते आपल्याला माहीत असेलच, तरी क्रमानं सांगतो. जून २०१६ : कारवारला दुरुस्तीच्या काळात सांडपाण्याच्या प्लांटमध्ये विषारी वायू सुटला, एक नौसैनिक आणि कंत्राटदाराकडचा एक कामगार असे दोन जण गेले. २६ एप्रिल २०१९ : कारवार बंदरात शिरताना बॉयलरच्या भागात आग लागली. ती विझवताना एक लेफ्टनंट कमांडर धुरानं बेशुद्ध पडला आणि वाचला नाही. २० जुलै २०२२ : दुरुस्तीनंतरच्या चाचणीवर असताना पुन्हा आग, जीवितहानी झाली नाही.

पहिल्या घटनेवर मला एक गोष्ट सांगायचीच आहे. बंद जागेत उतरून मरणारी माणसं आमच्याकडंही आहेत. सेप्टिक टँक, मळीची टाकी, जुनी विहीर. एक पडतो, दुसरा त्याला काढायला उतरतो, तोही पडतो. दर वेळी पेपरात चार ओळी येतात. जहाज तेवीसशे कोटींचं असो की तेवीस हजार कोटींचं, त्याच्या पोटात उतरणारा कंत्राटी माणूस बहुतेक आपल्यासारख्याच एखाद्या गावचा असतो. आत जायच्या आधी वायू मोजला का, बाहेर दोर धरून माणूस उभा होता का, एवढंच त्याचं मागणं असतं.

आता कायद्याचं. कारखान्याच्या बॉयलरला आयबीआर, म्हणजे बॉयलरचे सरकारी नियम, लागतात. दरवर्षी सरकारी बॉयलर इन्स्पेक्टर येतो, ड्रममध्ये स्वतः शिरतो, हातोडीनं ठोकून बघतो, हायड्रॉलिक टेस्ट घेतो. पास झालं तर सर्टिफिकेट, नाहीतर कुलूप. चेअरमन कितीही मोठा असो, त्याच्यापुढं काही चालत नाही. (चालवणारेही भेटले आहेत, पण ते पत्र वेगळं.) १९२३ च्या बॉयलर कायद्यानं लष्कर, नौदल आणि हवाई दलाच्या बॉयलरना त्यातून बाहेर ठेवलं. योग्यच आहे, युद्धनौकेत राज्य सरकारचा इन्स्पेक्टर चढवता येणार नाही. नौदलाची स्वतःची तपासणी असते आणि तिथली माणसं माझ्यापेक्षा दहापट शिकलेली आहेत. पण बाहेरचा डोळा नाही, तेव्हा तो डोळा कुणाचा? संसदेचा. म्हणजे आपला. म्हणून हे पत्र संरक्षण मंत्र्यांना न लिहिता आपल्याला लिहिलं.

पाण्याचंही सांगतो, कारण पाणी हा आपल्या मुलखाचा विषय. बॉयलरला माणसापेक्षा शुद्ध पाणी लागतं. आमच्या बोअरचं पाणी तसंच सोडलं तर पंधरवड्यात नळ्यांत खपली धरते, खालून जाळ आणि वर खपली, मग नळी फुगते आणि फुटते. पाणीच नसेल तर काय होतं ते परळीच्या औष्णिक केंद्रानं २०१५ मध्ये आपल्याला दाखवलं. जहाजावर भोवती पाणीच पाणी, पण ते बॉयलरचा शत्रू. वापरलेली वाफ थंड करून पुन्हा पाणी करायला कंडेन्सर असतो, त्याच्या नळ्यांमधून समुद्राचं पाणी खेळतं. त्यातली एक नळी बारीकशी गळली तरी मीठ थेट बॉयलरच्या पाण्यात. अशा हजारो नळ्या. लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, तिच्यात पाच लाख लिटर पाणी होतं. विक्रमादित्यवरचे प्लांट खाऱ्या पाण्यातून दिवसाला साधारण चार लाख लिटर गोडं पाणी करतात. त्या वर्षी हा आकडा वाचून मी रात्रभर जागा होतो, आणि कारण देखभालीचं नव्हतं.

आता मुद्द्यावर येतो. आमचा कारखाना उन्हाळ्याच्या तोंडाला बंद होतो आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास पेटतो. मधले महिने ऑफ सीझन. बाहेरच्याला वाटतं कारखाना झोपलाय. आत सगळं उघडलेलं असतं : रोलर लेथवर, टर्बाइनचं झाकण वर, पंप सुटे करून कापडावर मांडलेले, नळ्या ब्रशनं घासायला घेतलेल्या. एका हंगामात जेवढं झिजतं तेवढं त्या महिन्यांत भरून काढायचं. संचालक मंडळाच्या नजरेत मात्र हे महिने निव्वळ खर्चाचे. एका वर्षी नवे चेअरमन बॉयलर हाऊसमध्ये आले, उघडलेलं सगळं बघितलं आणि म्हणाले, "एवढं खोलून ठेवायची काय गरज? चालायलंय ना?" त्या वर्षी नळ्यांचा अर्धा खर्च कापला. पुढच्या हंगामात नळी फुटून कारखाना किती वेळा थांबला ते मी मोजलं होतं. अकरा वेळा.

"चालायलंय ना?" हे वाक्य मला विक्रमादित्यबाबत भीती घालतं. ६ मार्च २०१७ ला आयएनएस विराट हे जुनं विमानवाहू जहाज निवृत्त झालं आणि २ सप्टेंबर २०२२ ला नवी विक्रांत आली. मधली साडेपाच वर्षं आपल्याकडं विमानवाहू जहाज एकच. एकाच बैलावर औत. बैल दमला, खांदा सुजला, तरी शेजाऱ्याला दाखवायला तोच जुंपायचा. आपल्याकडं पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. लोणी-हळद लावून बैलाचा खांदा चोळतात आणि त्याला कामाला लावत नाहीत. कितीही पेरणी राहिली असली तरी नाही. जहाजाची खांदेमळणी कधी करायची हे मात्र सरावाच्या तारखा, परदेशी पाहुणे, शेजारी देशाशी ताणतणाव, गोदी मोकळी आहे की नाही, यांवर अवलंबून राहतं.

गोदीचंही तसंच. जहाजाचं घर कारवार, पण त्याला पाण्याबाहेर काढून तळ बघायचा तर ड्राय डॉक मोठी लागते. २०१६ मध्ये त्याला कोचीनला न्यावं लागलं. पाण्याखालचं अंग वर्षानुवर्षं न बघता ठेवलं तर शिंपले धरतात, गंज रोखायला लावलेले जस्ताचे ठोकळे खाऊन जातात, पंख्याच्या दांड्याची सील झिजतात. २०१९ मध्ये मुंबईच्या नौदल गोदीत विमानवाहू जहाजासाठी ड्राय डॉक झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये कोचीन शिपयार्डात ३१० मीटरची नवी डॉक, हे चांगलं झालं. डॉक आधी आणि जहाज मग, असा क्रम असायला हवा होता. पण आमच्याकडं कालवा कितीतरी उशिरा येतो धरणामागून, त्यामुळं मी कुणाला बोलू?

हे आपल्याच देशात होतं असंही नाही. ब्रिटनचं प्रिन्स ऑफ वेल्स ऑगस्ट २०२२ मध्ये बंदरातून निघालं आणि थोड्याच अंतरावर पंख्याच्या दांड्याचं कपलिंग तुटून थांबलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये क्वीन एलिझाबेथ मोठ्या सरावाला निघायच्या आदल्या दिवशी तसल्याच कपलिंगपायी घरी राहिलं, आणि त्याच्या जागी दुरुस्त झालेलं प्रिन्स ऑफ वेल्स गेलं. रशियाच्या अॅडमिरल कुझनेत्सोव्हची दशा तर विचारू नका : २०१८ मध्ये ते ज्या तरंगत्या गोदीत होतं ती गोदीच बुडाली आणि वरून क्रेन डेकवर पडली. ब्रिटिशांचं मला एक आवडलं. काय तुटलं ते त्यांनी सांगितलं. कपलिंग, अमुक बाजूचं. लोक हसले, पण लोकांना कळलं.

आपल्या नव्या विक्रांतला बॉयलर नाहीत. तिला चार गॅस टर्बाइन आहेत. आनंदाची गोष्ट आहे, पण माझ्या डोक्यात वेगळाच किडा. नौदलात वाफेवर चालणाऱ्या नौका आता मोजक्याच राहिल्यात. वाफेचा माणूस पुस्तकातून तयार होत नाही, जुन्या माणसाच्या मागं उभा राहून तयार होतो. आमच्याकडं जुने फायरमन निवृत्त झाले आणि नवी पोरं कॉम्प्युटरच्या पडद्यावर बॉयलर चालवतात. पडदा सगळं दाखवतो, फक्त शिट्टी ऐकवत नाही. विक्रमादित्य अजून बरीच वर्षं चालवायचं असेल तर त्या आठ बॉयलरशेजारी उभी राहणारी माणसं कुठून येणार, त्यांना किती वर्षं तिथं ठेवणार, की दोन-तीन वर्षांत बदली? हा प्रश्न गुप्त नाही.

३० नोव्हेंबर २०२४ ला संरक्षण मंत्रालयानं विक्रमादित्यच्या दुरुस्ती आणि ड्राय डॉकिंगसाठी कोचीन शिपयार्डाशी १,२०७.५ कोटींचा करार केला. पन्नासेक लहान-मध्यम उद्योगांना काम आणि साडेतीन हजारांवर लोकांना रोजगार, असं तेव्हा सांगितलं गेलं. मला त्याचं बरं वाटलं, नुसता रोजगार मिळाला म्हणून नव्हे तर अखेर खांदेमळणीचे पैसे वेगळे काढले म्हणून. पाठोपाठ एप्रिल २०२५ मध्ये नौदलासाठी २६ राफेल विमानांचा साधारण ६३,००० कोटींचा करार झाला. तोही लागणारच होता. डेकवरच्या मिग-२९के विमानांचं काय झालं हे कॅगनं २०१६ मध्ये लिहून ठेवलंय : ६५ पैकी ४० इंजिनं रचनेतल्या दोषांपायी काढून ठेवावी लागली, आणि विमानं उडण्याजोगी असण्याचं प्रमाण १६ ते ३८ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे दहा ट्रॅक्टर घेतले आणि पेरणीला तीन मिळाले. राफेलच्या करारावर टीव्हीवर दोन दिवस चर्चा चालली. ड्राय डॉकिंगचा करार माझ्या टपरीवरच्या एकाही माणसाला ठाऊक नव्हता.

आमच्या वस्तीत एकाकडं बजाजची ती गाडी आहे, २०१६ ची, जिच्यात जुन्या विक्रांतचं भंगार झालेलं लोखंड वापरलंय. विक्रांत १९९७ मध्ये निवृत्त झाली, काही वर्षं संग्रहालय म्हणून राहिली आणि २०१४ मध्ये भंगारात गेली. हा गडी दसऱ्याला त्या गाडीला झेंडूचा हार घालतो, नारळ फोडतो, फोटो काढतो. पूजा दरवर्षी, सर्व्हिसिंग आठवलं तर. मी एकदा एअर फिल्टर काढून झटकला तर अख्ख्या वस्तीची धूळ निघाली.

तर आपल्याकडं मागणं असं. पुढच्या अधिवेशनात आठांपैकी कुणीही एकानं तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, टाकावा. २०१३ पासून विक्रमादित्य किती दिवस दुरुस्तीत होतं आणि त्यातली किती दुरुस्ती ठरलेल्या वेळी सुरू झाली, किती पुढं ढकलली. गेल्या तीन दुरुस्त्यांत ठरवलेला खर्च किती आणि झालेला किती. २०१६ नंतर बंद जागेत काम करणाऱ्या कंत्राटी कामगारांसाठी कोणता नियम बदलला. जहाज कुठं आहे, किती विमानं आहेत, हे मी विचारत नाही, आपणही विचारू नका. राष्ट्रीय सुरक्षेचं कारण सांगून उत्तर टाळलं गेलं, तर संरक्षणाच्या स्थायी समितीत दारं बंद करून विचारता येतं. आम्हाला आकडा नाही कळला तरी चालेल, आपल्याला कळला पाहिजे.

आणि जाता जाता एक मतदारसंघाचं, म्हणजे पत्र अगदीच वाया जाणार नाही. वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्यात मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, मापात काम करणारी मशीन शॉप आहेत. जालन्यात पोलाद ओतलं जातं. त्या पन्नास उद्योगांत मराठवाड्याचा एक तरी होता का? व्हॉल्व्हचं स्पिंडल, पंपाचा इम्पेलर, कंडेन्सरच्या नळ्यांचे प्लग, असलं सामान रशियाहून यायची वाट बघण्यापेक्षा इथं नमुन्यावरून करून घेता येतं. आमच्या कारखान्यातले परदेशी पंप आम्ही असेच जगवले. नौदलाची मान्यता मिळायला काय लागतं, कागद कुणाकडं द्यायचा, हे सांगणारं एक शिबिर आपण संभाजीनगरात घ्या. हॉल मी शोधून देतो.

या दसऱ्याला आपल्यापैकी कुणी ना कुणी आमच्या भागातल्या कारखान्याचा बॉयलर पेटवायला येईलच. हातात मशाल देतील, फोटो होईल. पाच मिनिटं फोरमनला बाजूला घ्या आणि विचारा : या ऑफ सीझनला किती नळ्या मागितल्या, किती मिळाल्या, आणि वीटकाम वाळवायला किती दिवस दिले? चेअरमन शेजारी असतील तर तो खरं सांगणार नाही. जरा लांब न्या.

प्रश्न टाकलात आणि उत्तर आलं, तर त्याची एक प्रत पाठवा. मराठी भाषांतर नसेल तरी चालेल, पुतण्या सुट्टीवर आला की वाचून दाखवील. तेवढं तरी त्याला चालत असेल.

आपला,
एक निवृत्त बॉयलर फोरमन
अंबाजोगाई, जि. बीड